व्यसनमुक्ती केंद्रांच्या विश्वस्तांनो, बैठकीत गावाचा विषय घ्या

प्रति,
ग्रामीण महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्ती केंद्रांचं काम विनामोबदला पाहणारे सर्व अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुम्ही कोण असता ते मला माहीत आहे. निवृत्त मुख्याध्यापक, तालुक्याला दवाखाना असलेले डॉक्टर, दूध संघाचे किंवा कारखान्याचे संचालक, कापड दुकानदार, एखादे कीर्तनकार महाराज, एखाद्या माजी सरपंच ताई. केंद्राच्या कामाचा तुम्ही एक पैसा घेत नाही. उलट बैठकीला येता तेव्हा पेट्रोल तुमचं, आणि चहा बरेचदा तुमचाच. धर्मादाय कार्यालयात हेलपाटे मारायचे, ऑडिट वेळेत करून घ्यायचं, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा, अनुदानाची फाईल कुठल्या टेबलावर थांबली ते विचारत फिरायचं. ही कामं कुणाला दिसत नाहीत. मी मराठवाड्यातल्या एका केंद्रात समुपदेशक आहे. माझा पगार होतो तो तुमच्यासारख्यांच्या या खटाटोपामुळे, हे मी विसरलेले नाही.

म्हणून जे सांगायचं ते हक्काने सांगते. आपल्या बैठका केंद्राच्या आवाराबद्दल होतात. माणूस इथून उठून ज्या गावात परत जातो, त्या गावाबद्दल होत नाहीत. आणि ते गाव डॉक्टरांच्या हातात नाही, माझ्याही हातात नाही. कुणाच्या हातात असेल तर तुमच्या.

मी बैठकांची इतिवृत्तं लिहिली आहेत, त्यामुळे विषय तोंडपाठ आहेत. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चास मंजुरी. पत्र्याचं शेड. बोअरला पाणी लागलं नाही, दुसरा पॉइंट पाहणे. सोलरसाठी कंपन्यांच्या सीएसआर निधीतून काही मिळतं का. वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे कोण, यावर सगळ्यात जास्त वेळ. मग महिन्याभरात किती दाखल झाले आणि किती घरी गेले, तेवढा आकडा. घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं, हा विषय आयत्या वेळच्या विषयांतसुद्धा येत नाही. शेड लागतंच, पाणीही लागतं. पण त्यासाठी माणसं मिळतील. गावातल्या कामासाठी तुमच्याशिवाय दुसरं कोणी मिळणार नाही.

आधी चार भिंतींच्या आतलं बोलते, कारण तिथे काही बरंवाईट झालं तर जाब विश्वस्तांनाच द्यावा लागतो.

वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एकदम थांबला की काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, दार तोडून पळायला बघतात. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गावात 'बाहेरचं काहीतरी लागलं' म्हणतात आणि अंगारा लावतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. उपचार असे महागडे नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं, आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ते राहून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. औषधं मिळतात. रात्री दोन वाजता जागं कोण आहे, यावर सगळं ठरतं.

तेव्हा डॉक्टर किती वाजता येतात हे विचारून थांबू नका. रात्री कोण असतं ते विचारा. फिट आलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते त्या पोराला कोणी शिकवलंय का? गाडीची चावी कुणाकडे असते? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन कुणाला करायचा, तो नंबर भिंतीवर लिहिलाय का? एकदा कुणालाही न कळवता रात्री जाऊन या. तासभर बसा. इतिवृत्तात न येणारं बरंच काही कळेल.

कायद्याचंही सांगते, कारण अनेक विश्वस्तांना अजून वाटतं की आपण फक्त धर्मादाय आयुक्तांना उत्तर द्यायला बांधील आहोत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. व्यसनाच्या रुग्णांना दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राची त्यामुळे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने पूर्ण मनाई आहे. एकट्याला खोलीत कोंडायला मनाई आहे. सक्तीने डोकं भादरायला मनाई आहे. हे सगळं काही केंद्रांत 'शिस्त' म्हणून चालतं, आणि तिथल्या फलकावर तुमच्यासारख्याच भल्या माणसांची नावं असतात.

'गाडी पाठवा, चार पोरं पाठवा, त्याला उचलून न्या.' असे फोन आम्हाला नेहमी येतात. करणारी आई असते नाहीतर बायको असते, आणि ती रडत असते. तिच्यावर काय बेतलंय ते मला कळतं. तरीही नाही म्हणावं लागतं. माणूस स्वतःहून यायला तयार असेल तर प्रश्नच नाही. तो तयार नसेल आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा, मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने त्याला स्वतंत्रपणे तपासायचं, आणि मगच त्याला ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. झोपेतून उचलून गाडीत कोंबायला कोणत्याही कलमात परवानगी नाही. आपल्या केंद्रात असा कोणी आला आहे का, हे विचारायचं ते विश्वस्तानेच. पगारी माणूस नोकरीच्या भीतीने तोंड उघडत नाही. तुम्हाला नोकरी जाण्याची भीती नाही, ही बिनपगारी कामातली सगळ्यात मोठी ताकद आहे. ती वापरा.

याच ओघात पुड्यांचं. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. बायका कर्ज काढून त्या पुड्या आणतात आणि भाजीत कालवतात. अशा पुड्यांत कधी डायसल्फिराम असू शकतं. ते औषध पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीव जातो. तेच औषध माणसाला सांगून, समजावून, तपासण्या करून दिलं तर उपयोगी आहे. तुमच्यात जे कीर्तनकार आहेत त्यांनी सप्ताहात एवढं एक वाक्य सांगितलं तरी आमच्या वर्षभराच्या पत्रकांपेक्षा जास्त घरांत पोचेल.

आता गावाकडे येते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या व्यसन उपचार विभागाकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूमुळे त्रासात असलेली आणि मदतीची गरज असलेली माणसं देशात ५.७ कोटी. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठले ना कुठले उपचार मिळाले होते, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. आपल्याकडे खाटेवर झोपलेला माणूस म्हणजे त्या १८० मधला एक. इतक्यांतून तो आपल्यापर्यंत पोचला, महिना दीड महिना राहिला, वजन वाढलं, पोरांशी फोनवर नीट बोलायला लागला. आणि मग आपण त्याला एसटीत बसवून देतो. पुढचे तीन महिने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमके तेच आपल्या कुठल्याही रजिस्टरात नसतात.

एक सेंट्रिंग मिस्त्री होता. बाजारच्या दिवशी संध्याकाळी हिशेब व्हायचा, आणि ठेकेदार मजुरी वाटायचा ती परमिट रूममध्ये बसून. मजुरी घ्यायला आत जायचंच. आत गेल्यावर काय होणार? गटचर्चेत तो हेच सांगायचा, 'मॅडम, मला दारू नको, पण पैसे तर पाहिजेत ना.' मी त्याला नाही म्हणायला शिकवलं, मोकळ्या पोटी जाऊ नको सांगितलं, सोबत कोणाला तरी घेऊन जा म्हणाले. हे सगळं पुस्तकातलं बरोबर आहे. पण त्याचं काम झालं ते आमच्या एका विश्वस्तांनी त्याला विचारून, त्याच्या परवानगीने, ठेकेदाराला केलेल्या फोनमुळे. ठेकेदार त्यांच्या शाळेत शिकलेला. 'याची मजुरी रविवारी सकाळी घरी दे, त्याच्या बायकोसमोर दे.' एवढंच बोलणं. गुरुजींचा शब्द होता, ठेकेदाराने मोडला नाही. त्या एका फोनची किंमत बोअरच्या पॉइंटपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं, आणि तो फोन मी केला असता तर त्याने उचललासुद्धा नसता.

तुमच्याकडे असे किती शब्द आहेत! डेअरीवर, सोसायटीत, जिनिंगवर, बाजार समितीत, शाळेच्या कमिटीत. दारू सोडलेल्या माणसाला गाव काम देत नाही, उसनवार देत नाही, 'बेवडा' ही हाक सोडत नाही. डेअरीच्या चेअरमननी त्याला संकलनावर सकाळचं काम दिलं, किराणा दुकानदाराने त्याच्या बायकोचं खातं पुन्हा उघडलं, तर घरात जो फरक पडतो तो आमच्या दहा सत्रांनी पडत नाही.

लग्नाची वरात घ्या. सख्ख्या चुलतभावाच्या लग्नात न जाऊन कसं चालेल? डीजेच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाटल्या असतात, आणि 'आज एक दिवस घे, भावाचं लग्न आहे' म्हणणारे काका-मामाच असतात. पोळा, यात्रा, ग्रामपंचायतीची निवडणूक, सगळीकडे हेच. निवडणुकीचं मी स्पष्टच लिहिते. तुमच्यातले काहीजण गावचे पुढारी आहेत, आणि पॅनेलसाठी दारूचे बॉक्स कुणाच्या गोठ्यात उतरतात हे गावाला माहीत असतं. केंद्राचा विश्वस्त आणि बॉक्स उतरवून घेणारा एकच माणूस असेल, तर त्याने दोन्हींपैकी एक सोडावं. देशी दारूच्या दुकानाचा किंवा बारचा परवाना ज्यांच्या घरात आहे त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. त्यांची देणगीही घेऊ नये. तंगी असते, अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, माझाही पगार त्यामुळे लांबतो. तरी घेऊ नये. केंद्रात आलेल्या बाईने फलकावर ते नाव वाचलं की ती आमच्याशी खरं बोलणं थांबवते.

गाव बदलतं का, असं कोणी विचारेल. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली ती लोकांनी आंदोलन करून सरकारला भाग पाडलं म्हणून. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा पुढाकार, सरकारचा सहभाग, गावोगावच्या संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनाचे उपचार, असं ते जोडून चालतं. जिथे दारूबंदी नाही तिथे निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूने, मत दिलं की परवान्याचं दुकान बंद होतं. मी दोन्हींच्या बाजूची आहे. फक्त एक लक्षात ठेवा. दुकान बंद झालं की त्या आठवड्यात थरथरणारी, भ्रमात गेलेली माणसं घरोघरी असतात आणि कोणीतरी हातभट्टी आणून विकायला लागतं. मतदानाची तारीख ठरली की केंद्राला कळवा. डॉक्टर आणि खाटा तयार ठेवता येतील.

यात एक मोठा धोका आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही त्याच पंचक्रोशीतले. कोण दाखल आहे हे तुम्हाला कळलं आणि ते पारावर बोललं गेलं, तर त्या घरातली मुलगी स्थळाअभावी बसते. गोपनीयता हा रुग्णाचा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि खेड्यात तो पाळणं शहरापेक्षा कितीतरी कठीण. म्हणून बैठकीत नावं नकोत. घरी जाण्याआधी समुपदेशक माणसाला विचारेल, 'गावात कुणाला सांगितलेलं तुला चालेल? कुणाचा आधार हवा?' त्याने ज्याचं नाव घेतलं त्यालाच सांगायचं, त्याने परवानगी दिली तेवढंच. पुष्कळदा तो विश्वस्ताचं नाव घेतच नाही, आपल्या वर्गमित्राचं नाहीतर बहिणीच्या नवऱ्याचं घेतो. मग तुम्ही बाजूला राहायचं. तेही कामच आहे.

आणि तो पुन्हा प्यायला, तर? बैठकीत अशा वेळी 'याच्यावर खर्च वाया गेला' हे वाक्य मी ऐकलं आहे. मला ते फार लागतं. पुन्हा घसरणं या आजारात नेहमीचं आहे, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेली माणसं सुधारतात हे मी पाहिलेलं आहे. आपल्याकडे माळ घालून दारू सोडायची मोठी परंपरा आहे, वारीने अनेकांचे संसार सावरले, याबद्दल मला आदरच आहे. पण माळ घालून जो घसरतो तो दुप्पट लाजतो. तो देवळात जात नाही, केंद्राकडे फिरकत नाही, शेतातल्या आखाड्यावर एकटा पडून राहतो. त्याच्यापर्यंत महाराजांनी स्वतः चालत जावं. आम्ही गेलो तर तो लपतो.

मंडळात दोन जागा रिकाम्या करा, ही माझी मागणी आहे. एक, काही वर्षं दारूपासून लांब राहिलेल्या माणसासाठी. दुसरी, अशा घरातल्या बाईसाठी. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीचा त्याला आधार होता. तिथे उपचार घेऊन बरी झालेली माणसंच पुढे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली, हे त्या कामाचं मोठं बळ आहे. आपल्या केंद्रांतही अशी माणसं स्वयंपाकघरात, रात्रपाळीला, गेटवर असतात. बैठकीच्या खोलीत मात्र ती चहा घेऊन येतात आणि बाहेर जातात. त्यांना बसू द्या. आणि बाईला नुसतं कोरमपुरतं बोलावू नका. पगाराच्या दिवशी नवरा कुठल्या रस्त्याने घरी येतो, घरातला कोणता डबा आधी रिकामा होतो, सासू पोराला पैसे कधी देते, हे तिला ठाऊक असतं. फॉलोअपचं निम्मं काम तिच्या माहितीवर चालेल.

शेवटी एक तातडीचं. बीड, जालना, परभणी आणि आसपासच्या भागातल्या केंद्रांना हे लगेच कळेल. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, आणि ती जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा आपल्याकडे दाखल असला तर बायकोची उचल अडते, म्हणून उपचार अर्धवट टाकून माणसं जातात. जी पूर्ण करून जातात तीही पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतात. पहाटेची थंडी, दुखणारं अंग आणि पालांजवळच मिळणारी दारू. आपला फॉलोअप त्याच दिवशी तुटतो.

टोळ्या निघण्याआधी एक बैठक फक्त यासाठी घ्या. तालुक्यातले मुकादम तुमच्या ओळखीचे आहेत, त्यांना बोलवा. मागण्या तीनच ठेवा: दाखल असलेल्या माणसाच्या घरची उचल थांबवू नये, त्याला पंधरा दिवस उशिरा फडावर पोचू द्यावं, आणि उचलीतली निम्मी रक्कम बायकोच्या खात्यात जावी. तुमच्यात कारखान्याचे संचालक असतील तर त्यांनी ज्या कारखान्यावर टोळी जाणार तिथल्या शेतकी खात्याला फोन करावा, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते विचारून ठेवावं. जाणाऱ्यांना महिन्याभराच्या गोळ्या, चिठ्ठी आणि १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आम्ही देऊ. मागच्या हंगामात आमच्याकडून कोण कुठल्या कारखान्यावर गेलं याची यादी मी नावांशिवाय, गावनिहाय करून ठेवली आहे. बैठकीची तारीख कळवा, मी ती घेऊन येते.

आपली,
मराठवाड्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रातली समुपदेशक